रेवय्याच्या पायाचं पाणी

वडील गेले तेव्हा रेवय्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. पण जंगमाच्या पोराला दुःख करायला सवड कुठली? कबनुरातली लिंगायतांची बरीचशी घरं त्याच्या वडिलांकडे होती. म्हणजे त्या घरांतली लिंगधारणा, लग्नं, मयतं आणि सोमवारची पूजा यांचा मान त्यांचा आणि कामही त्यांचंच. घरं रिकामी ठेवून चालणार नव्हतं. वडिलांना माती दिली आणि पुढच्याच सोमवारी पोराला अंघोळ घालून, कपाळभर भस्म ओढून, बापाची रुद्राक्षांची माळ गळ्यात अडकवून बसव्वाच्या घरी पाटावर बसवलं. माळ त्याच्या बेंबीपर्यंत येत होती.

बसव्वाच्या सासऱ्यानं त्याचे पाय परातीत धरले आणि तांब्यानं पाणी घालून धुतले. हे पाणी म्हणजे पादोदक. घरोघरी त्याला नुसतं तीर्थ म्हणत. जंगमाच्या रूपानं शिवच दारी आला असं मानायचं आणि घरातल्या सगळ्यांनी ते पाणी प्यायचं, मोठ्यांनी आधी. सासरा प्याला, त्याच्या पांढऱ्या मिशीवर थेंब राहिले. रेवय्याला पाय धुताना गुदगुल्या झाल्या होत्या, तो फिसकन हसला. मग त्याला आठवलं की सकाळी येताना आपला पाय म्हशीच्या शेणात पडला होता, आणि त्याचं हसू आटलं.

बसव्वा तेव्हा ऐन उमेदीतली बाई. बोटाशी पोरगा होता, भीमाप्पा. तिनं ओंजळीतलं तीर्थ घेतलं, ओला हात डोळ्यांना लावला, पोराच्या डोळ्यांना लावला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हसू नगासा अय्या. तुमी आता देव हायसा."

इतक्या लहान पोराला कुणी असं सांगू नये. त्याला ते खरं वाटलं तर तो वाया जातो, आणि खोटं वाटलं तर जन्मभर झुरतो. रेवय्याला ते खोटं वाटलं.

देवपण हे तसं कंटाळवाणं काम आहे. रोज उठून त्याच गल्ल्या, तीच दारं. दारात उभं राहायचं, पाट मांडला जायचा, परात यायची, पाय पुढे करायचे. पाणी हिवाळ्यात कोमट, उन्हाळ्यात गार, आणि घरात भांडण झालेलं असेल तर आदळआपट करून आणलेलं. रेवय्या मंत्र शिकला, कुणाकडे उप्पीट मिळतं आणि कुणाकडे नुसता चहा हे शिकला, मयताला मातीत कुठल्या दिशेला तोंड करून बसवायचं ते शिकला. गावात हातमाग होते ते जाऊन यंत्रमाग आले, दिवसरात्र खटखट सुरू झाली. त्या खटखटीत मंत्र ऐकू जाईनात म्हणून तो मोठ्यानं म्हणायला लागला. लग्न झालं. बायको निलव्वा बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. ती भीमाप्पाच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळायचं काम. एक मुलगी झाली, सौंदर्या, ती पुढे जयसिंगपूरला दिली. असं सगळं रीतसर चाललं होतं, आणि रीतसर चाललंय याचाच रेवय्याला शीण येत होता.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात एका माग कामगाराचं तान्हं मूल गेलं. महिन्याभरापूर्वी रेवय्यानंच लिंगधारणा करून त्याच्या गळ्याला इष्टलिंग लावलं होतं. त्यानंच मग ते लिंगासकट मातीत ठेवलं. माती सारून झाली आणि त्या पोराच्या जेमतेम विशीतल्या बापानं विचारलं, "अय्या, कुटं गेलं वो ते?"

"शिवात मिळालं," रेवय्या म्हणाला.

बापानं मान हलवली. त्याला ते पुरलं. परत येताना ओढ्याच्या वाटेवर रेवय्याच्या लक्षात आलं की एसटीतला कंडक्टर 'पुढं सरका' म्हणतो तितक्या सहज आपण ते म्हणालो. आत काहीच हललं नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली. तो ओढ्याच्या कडेला बसला आणि बराच वेळ उठला नाही.

तिथून त्याचं शोधणं सुरू झालं. त्याला फार काही नको होतं. चमत्कार नको होता, मोक्षही नको होता. देव आहे, किंवा नाही, एवढं एक वाक्य त्याला स्वतःच्या जिवावर म्हणता यायला हवं होतं. बापानं सांगितलं म्हणून नव्हे, पोथीत आहे म्हणून नव्हे, आणि लोक आपले पाय धुतात म्हणून तर नव्हेच. यातली गंमत अशी की त्याच्या धर्मानं देव आधीच माणसाच्या हातात आणून दिला होता. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, की आपण आणि तो. मध्ये कुणी नाही. मग मध्ये पाय कुठून आले? हे विचारायला जावं तर कुणाकडे, कारण पाय त्याचेच होते.

आधी तो नृसिंहवाडीला गेला. ते काही लिंगायतांचं ठिकाण नव्हे, पण तिथं कुणी अडवत नाही. घाटाच्या पायरीवर बसून त्यानं नदी पाहिली. दोन नद्यांचं पाणी एकमेकांत मिसळत होतं, बायका-माणसं, पोरंटोरं त्यात पाय सोडून बसली होती. त्याला बरं वाटलं. मग वर गेला, तर अभिषेकासाठी गोत्र विचारलं, रांग लावायला सांगितली, आणि पुढच्या माणसाचा धक्का लागून त्याची चप्पल गेली ती गेलीच. निलव्वासाठी कवठाची बर्फी घेऊन तो परत आला.

"घावला काय?" निलव्वानं विचारलं. दावं तोडून गेलेल्या रेडकाची चौकशी करावी तसा तिचा सूर होता.

"न्हाई."

तिनं बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि सुपातले तांदूळ निवडायला घेतले.

पुढे जयसिंगपूरला, सौंदर्याच्या शेजारी एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात सत्संग भरायचा. पांढऱ्या कपड्यातली शांत माणसं. देवाला रूप नाही, देवळाची गरज नाही, डोळे मिटा, आत पाहा, असं सांगायची. रेवय्याला वाटलं, आता जमलं. चार-सहा महिने तो लेकीला भेटायच्या निमित्तानं जात राहिला. एकदा त्यांचे गुरुजी आले. मखमलीची खुर्ची आली, चांदीचं ताट आलं, आणि त्या रूपरंग नसलेल्या देवाच्या माणसांनी गुरुजींचे पाय ताटात घेतले. मागच्या ओळीत बसलेल्या रेवय्याला लहानपणीसारखंच हसू आलं. त्यानं उपरणं तोंडात कोंबलं आणि उठून स्टँडवर गेला.

मग इचलकरंजीतले गणपतराव मास्तर भेटले. ते बुवाबाजीच्या विरोधात सभा घ्यायचे. देव नाही, असं ते छातीठोकपणे सांगायचे. मास्तर भला माणूस, पदरमोड करून गावोगाव फिरणारा. कपाळाला भस्म लावलेला जंगम सभेला येतो याचं त्यांना फार कौतुक. रेवय्यानं एकदा त्यांना त्या तान्ह्या पोराच्या बापाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुमी आसता तर काय म्हनला असता?"

"काही झालं तरी खोटा दिलासा द्यायचा नाही. शरीर संपलं, विषय संपला," मास्तर म्हणाले.

ते खरंही असेल. पण मास्तरांनी ते ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज रेवय्याच्या ओळखीचा होता. 'शिवात मिळालं' म्हणताना त्याचा स्वतःचाही असाच लागायचा. तो मास्तरांना मनापासून नमस्कार करून घरी आला.

कोल्हापूरच्या बाजूला एका शिबिरात तो मौन धरून बसला. गुडघे धरले, देव काही धरता आला नाही. अशी वर्षं गेली. दर वेळी परत येऊन हातपाय धुवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाय लोकांच्या परातीत ठेवायचे. दमायला डोंगर चढावा लागतो असं नाही. रेवय्या पन्नाशीतच म्हाताऱ्यासारखा चालायला लागला.

तहान फार लागते, वजन उतरतंय, म्हणून निलव्वानं त्याला डॉक्टरकडे ढकललं तेव्हा साखर निघाली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि अनवाणी फिरू नका असं बजावलं. अनवाणी फिरू नको तर काय करू? चपला घालून कुणी पाटावर बसतं का? भीमाप्पाच्या कारखान्याच्या दारात तारेचा एक तुकडा त्याच्या उजव्या अंगठ्यात शिरला. पायांना मुंग्या आलेल्या असायच्या, त्याला काही कळलंच नाही. जखम चिघळली तेव्हा वासानं कळली.

आणि तरीही त्यानं कुणाला सांगितलं नाही. खऱ्या देवाला शोधत वणवण फिरणारा हा माणूस जखम मात्र झाकत होता. घरं जातील ही भीती होती, लाज होती, आणि एवढ्या वर्षांची सवयही होती. तो डावाच पाय पुढे करायला लागला. उजवा मांडीखाली घेऊन बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, गुडघा धरलाय.

दोन हजार तीनच्या दसऱ्याला भीमाप्पानं नवीन शेड बांधली. आता तो काही बसव्वाच्या बोटाशी असलेला पोरगा राहिला नव्हता. मागांचा मालक होता, पोट सुटलं होतं, मुलगा बसवेश हाताशी आला होता. उद्घाटनाला निम्मं गाव बोलावलेलं. बसव्वा आता पार वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. तिला खुर्ची देऊन पुढे बसवलं होतं. रेवय्या पाटावर बसला, डावा पाय पुढे केला. भीमाप्पा हसत म्हणाला, "अय्या, आज दोन्ही पाय द्या की. मंगल कार्य हाय." आणि रेवय्या नाही म्हणायच्या आत त्यानं त्याचा उजवा पाय मांडीखालून काढून परातीत घेतला. जखमेवर बांधलेलं फडकं सुटलं. भीमाप्पाचं लक्ष पाहुण्यांकडे होतं, त्यानं पाणी घातलं, वर दूध घातलं, फुलं टाकली.

एरवी मान मोठ्यांचा, पण पोटुशी म्हणून आज पहिलं तीर्थ द्यायचं होतं बसवेशच्या बायकोला, दानेश्वरीला. तिला सातवा महिना होता. तिनं पदर डोक्यावर घेऊन पळीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि डोळे मिटले. रेवय्यानं परातीत पाहिलं. दुधाळ पाण्यात त्याच्या अंगठ्यातून एक पिवळट लाल रेघ सुटत होती.

"थांब, पोरी," तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. त्यानं तिचे हात धरून पाणी सांडून टाकलं, आणि मग परातीला हात घालून ती अख्खी परातच नव्या फरशीवर पालथी केली. पादोदकाची परात पालथी झालेली कबनुरात कुणी पाहिली नव्हती. 

"माज्या पायाला जखम हाय. सडलीया. कवापासनं झाकून ठेवलीया," रेवय्या म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता तरी भागलं असतं. लोक हळहळले असते, दवाखान्यात घेऊन गेले असते. पण इतकी वर्षं दाबून धरलेलं एकदा सुटलं की थांबत नाही. तो पुढे म्हणाला, "आनि जखम नसती तरीबी पायात काय न्हाई. कवाच नव्हतं. तुमी उगंच प्यालासा."

भीमाप्पाचा चेहरा काळाठिक्कर पडला. कुणीतरी म्हणालं, ह्येचं डोस्कं फिरलंय. बसव्वा खुर्चीत बसून होती. तिनं सगळं ऐकलं, आणि काहीच बोलली नाही. रेवय्या लंगडत बाहेर पडला तेव्हा त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याला फक्त बसव्वाचा तो गप्प चेहरा दिसत राहिला.

घरं एकेक करून गेली. जयसिंगपूरहून एक तरणा जंगम स्कूटरवरून यायला लागला. त्याचे पाय गोरे, स्वच्छ, आवाज खणखणीत. निलव्वानं काही दिवस कपाळाला हात लावून काढले, मग एका सकाळी चुलीपुढून म्हणाली, "खरं बोलायची येवडी हौस व्हती तर घरात बोलायचं की. मी ऐकलं असतं."  ती म्हणत होती ते बरोबरच होतं.

त्याच हिवाळ्यात कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याचा अंगठा काढला, आणि काही महिन्यांनी निम्मं पाऊल. आता त्यानं पाय पुढे करायचं म्हटलं असतं तरी कुणी ते पाणी घेतलं नसतं. अंगात वैगुण्य असलेल्याचे पाय पुजत नाहीत. निलव्वा आता कांड्यांचं काम घरी आणायची, तो बसून तिला मदत करायला लागला. पहिल्यांदा सूत सारखं तुटायचं, मग जमलं.

त्याला वाटत होतं की खोटं सुटलं, आता खरं आपोआप येईल. जागा तरी रिकामी झाली. पण जागा रिकामीच राहिली. सकाळी अंघोळ झाली की तो सवयीनं डबी उघडून इष्टलिंग तळहातावर घ्यायचा. मंत्र म्हणायचा नाही, नुसता बघत बसायचा. बहुतेक दिवस तो हातावरचा काळा दगड असायचा. एखाद्या दिवशी मात्र उठावंसं वाटायचं नाही. का, ते त्याला सांगता आलं नसतं, आणि आता विचारणारंही कुणी नव्हतं. निलव्वानंसुद्धा घावला काय विचारायचं सोडून दिलं होतं.

अशात एका दुपारी दारात भीमाप्पा येऊन उभा राहिला. शेडच्या उद्घाटनानंतर दोघं समोरासमोर आले नव्हते. भीमाप्पानं दाढी केली नव्हती. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"आमची अव्वा जाया लागलीया," तो म्हणाला. "पानी घेत न्हाई. परवापासनं टिपूस न्हाई. सलाईन लावलं तर वडून काडलं. तोंडात घातलं तर थुकती. तीर्थ घेटल्याबिगार पानी घेनार न्हाई म्हनती."

"ते जयसिंगपूरचं हायत की."

"आनलं व्हतं त्येंला. त्येंचं पाय धुवून दिलं. भिताडाकडं त्वांड केलं. रेवय्याचंच पायजे म्हनती." भीमाप्पानं तोंडावरून हात फिरवला. "त्या दिवसापासनं तिनं दुसऱ्याचं तीर्थ घेटलंच न्हाई. सोमवारी उपाशी ऱ्हायची. मी तुमाला कळवलं न्हाई. राग व्हता माजा."

रेवय्याचे हात सुतावरच थांबले. आपण खरं बोललो, त्याची किंमत आपण मोजली असं तो समजत होता. घरं गेली, पाऊल गेलं, फिटलं. त्याची किंमत एक म्हातारी उपाशी राहून मोजत होती हे त्याला आज कळलं. काठी घेऊन तो उठला. निलव्वा त्याची चप्पल शोधायला लागली, मग एकच चप्पल घेऊन आली.

भीमाप्पाच्या गाडीवर मागे बसून तो निघाला. बाजारपेठेतनं जाताना भीमाप्पा मान न वळवता म्हणाला, "अय्या, एक करा. तिला दिसत न्हाई. तांब्यात पानी घ्या, पायाला लावल्यासारकं करा, आनि द्या. खोटं का असंना. आईला माज्या तान लागलीया वो." एवढं बोलून त्यानं उगाचच हॉर्न वाजवला.

ते किती सोपं होतं! आयुष्यभर तेच तर केलं होतं. गाडी थांबेपर्यंत रेवय्याचं ठरत नव्हतं. नाही म्हणावं तर म्हातारी तहानेनं जाईल, हो म्हणावं तर तिच्या शेवटच्या घोटात आपण पुन्हा तेच खोटं घालू. त्याला वाटलं, गाडीवरून उतरावं आणि इथेच रस्त्यावर बसून राहावं. तो फार थकला होता.

बसव्वाला मधल्या खोलीत जमिनीवर निजवलं होतं. एवढीशी झाली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. दानेश्वरी उशाशी बसली होती, मांडीवर तिची मुलगी झोपलेली. कोपऱ्यात परात आणि भरलेला तांब्या तयार ठेवलेला. रेवय्या भिंतीला धरून खाली बसला.

"अव्वा, मी हाय. रेवय्या."

बसव्वाचा हात अंथरुणावरून सरकत आला. तिनं त्याचा गुडघा चाचपला, नडगी चाचपली आणि मग पाऊल. पाऊल जिथं संपत होतं तिथं तिची बोटं थांबली.

"कुटं टाकलं?" तिनं विचारलं. आवाज कसाबसा येत होता.

"दवाखान्यात."

"दुकलं काय?"

"न्हाई. कळलंच न्हाई."

 भीमाप्पानं तांब्या उचलून रेवय्यापुढे ठेवला आणि डोळ्यांनी खूण केली. रेवय्यानं तांब्याला हात लावला नाही.

"तू म्हनलास, पायात काय नव्हतं," बसव्वा म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे करत होती. "खरं काय?"

भीमाप्पा मागून त्याच्या खांद्यावर हात दाबत होता. दानेश्वरी मान खाली घालून बसली होती. रेवय्याच्या तोंडाशी जुने शब्द आले, ते सगळे पाठच होते. ते शब्द त्यानं गिळले.

"खरं हाय, अव्वा. नव्हतं."

"मग इतकी वर्सं..."

"मला कळत व्हतं. बोलाया धीर नव्हता."

तिच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. रेवय्याला वाटलं, आपण हिला मारलं. शेवटचं जे होतं तेही काढून घेतलं. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला. तो हात गरम आणि कोरडा होता. इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी हात लावला नव्हता. ती खाली वाकायची, तो वर बसलेला असायचा.

"मग कुटं हाय रं त्यो?" बसव्वानं विचारलं. "तू हिंडलास की समदीकडं. निलव्वा सांगायची."

इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी तो हिंडला होता, ते आता कुणीतरी मागत होतं. नेमकं आताच, आणि त्याच्याकडे ते नव्हतं. त्याला रडू आलं. ते त्यानं लपवलं नाही.

"मला ठावं न्हाई, अव्वा. लई बगितलं. हाय का न्हाई, तेबी सांगता येत न्हाई. खरंच ठावं न्हाई मला."

 शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट तेवढी ऐकू येत होती. रेवय्या बसव्वाचा हात धरून बसून राहिला. तो सोडून जायचं त्याच्या मनात आलं नाही. तिला यापेक्षा जास्त काही देता येत नाही म्हणून तो फक्त तिच्याजवळ राहिला.

मग बसव्वानं त्याच्या हाताला हलका ओढा दिला.

"मग पानी तरी दे," ती म्हणाली.

रेवय्यानं तांब्यातलं पाणी पळीत घेतलं आणि तिच्या ओठांना लावलं. ती प्याली. थोडं गळ्यावर ओघळलं, ते त्यानं आपल्या उपरण्यानं टिपलं. तिनं पुन्हा तोंड उघडलं. तो देत राहिला, ती पीत राहिली, आणि तांब्या संपला तेव्हा भीमाप्पा आत जाऊन दुसरा भरून घेऊन आला.